वाढ आहे, असू दे

"शिक्का द्या इकडे," विभागप्रमुख म्हणाले आणि मास्तरांनी पोराच्या गोट्या जप्त कराव्यात तसा त्यांनी हात पुढे केला.

थांबाबाईंनी शिक्का दिला नाही. तो त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात होता आणि त्यांची मूठ त्याच्यावर घट्ट होती. टेबलाच्या पलीकडे वृद्धनिवासाचे राउंडवाले डॉक्टर बसले होते. त्यांच्यासमोर लघवीच्या तपासणीचे सव्वीस रिपोर्ट पसरलेले होते आणि त्यातल्या अकरा रिपोर्टांवर जांभळ्या शाईत ठळक उमटलं होतं: लघवीत जंतू आहेत. त्रास नसेल तर औषध नको.

हा शिक्का बाईंनी स्वतः करवून घेतला होता. दुकानदाराने मजकूर दोनदा वाचला होता आणि बाईंकडे जरा जपूनच पाहिलं होतं.

राउंडवाले डॉक्टर तावातावाने बोलत होते. औषध द्यायचं की नाही हे आता प्रयोगशाळेतल्या बाया ठरवणार का, उद्या ऑपरेशनही याच करणार का, वगैरे. विभागप्रमुख मान डोलावत होते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बाईंना भांडायला सोपं गेलं असतं. डॉक्टर निघून गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले की तुमचं म्हणणं बरोबर आहे, हल्ली सगळीकडे हेच लिहिलेलं असतं, पण लेखी नको. काय उगवलं ते सांगणं आपलं काम. त्याचं काय करायचं ते त्यांचं.

"मग त्यांना तीनच चौकोन का दिलेत आपण?" बाईंनी विचारलं.

रिपोर्टच्या कागदावर तीन चौकोन असत. वाढ नाही. वाढ आहे. नमुना दूषित. 'वाढ आहे' वर खूण केली की खाली औषधांची यादी आपोआप छापून येई, आणि राउंडवाले डॉक्टर त्या यादीतलं पहिलं नाव उचलत. वाढ आहे, पण असू दे, असा चौथा चौकोन त्या कागदावर नव्हता. तो असावा म्हणून बाईंनी तीन वेळा अर्ज केला होता. तिन्ही अर्ज कुठल्या फायलीत गडप झाले ते देव जाणे.

शेवटी मूठ सुटली. विभागप्रमुखांनी शिक्का खणात टाकला, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. अकरा रिपोर्टांपैकी एक खोली चार, खाट दोनचा होता. खोली चार, खाट दोन म्हणजे त्यांची आई.

थांबाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रिपोर्टसाठी खिडकीशी घाई करणाऱ्या प्रत्येकाला त्या एकतीस वर्षं एकच उत्तर देत आल्या होत्या. "थांबा. अजून उगवायचंय." शेजारच्या टेबलावर रक्त तपासणारी मैत्रीण आधी गमतीने तसं म्हणू लागली, मग वॉर्डबॉय, मग खुद्द विभागप्रमुखही. बाईंना राग नव्हता. त्यांचं कामच थांबण्याचं होतं. लघवीचा थेंब तारेच्या कडीने जंतूंचं खाद्य थापलेल्या प्लेटवर ओढायचा, प्लेट अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. घाई केली तर रिकामी प्लेट दिसते. जंतूंना साहेबांची घाई कळत नाही.

एका बाबतीत मात्र त्या स्वतःही वर्षानुवर्षं घाई करत आल्या होत्या, आणि ते त्यांना फार उशिरा कळलं. निरोगी माणसाच्या लघवीत काही नसतं, ती अगदी निर्जंतुक असते, असं त्या शिकल्या होत्या. परीक्षेत तसं लिहून त्यांनी पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. नऊ वर्षांपूर्वी प्लेटांचा नवा साठा आला. तो पारखायला निरोगी माणसाचा नमुना हवा होता. आई त्याच दिवशी विसरलेला चष्मा द्यायला आली होती. बाईंनी तिच्या हातात बाटली दिली. "एवढी शिकलीस ती आईला मुतायला लावायला," आई म्हणाली आणि मजेत बाटली भरून आणली.

एक प्लेट नेहमीच्या कपाटात गेली. दुसरी बाईंनी मेणबत्तीच्या बरणीत ठेवली. ही जुनी युक्ती आहे. प्लेटांबरोबर बरणीत पेटती मेणबत्ती ठेवून झाकण घट्ट लावायचं. ती आपोआप विझते. मग आत जी कोंदट हवा उरते ती काही नाजूक जंतूंना मानवते. कपाटातली प्लेट दुसऱ्या दिवशी कोरी निघाली. बरणी मात्र बाई विसरल्या आणि मध्ये सुट्ट्या आल्या. चार दिवसांनी झाकण उघडलं तर प्लेटवर बारीक बारीक ठिपके होते, पावडर सांडल्यासारखे. आपलाच हात घाण लागला असणार असं समजून त्यांनी तीनदा नव्याने नमुना घेतला, आणि तीनही वेळा ठिपके आले.

विभागप्रमुखांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की हो, बाहेर अलीकडे हेच सापडतंय. मूत्राशयातही जंतूंची वस्ती असते. त्यातले काही बहुधा पहारा देतात, घातक जंतूंना जागा मिळू देत नाहीत. नक्की किती आणि कसं, ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही. काही म्हाताऱ्या बायकांत तर नेहमीच्या प्लेटवर दिसणारे जंतूही वर्षानुवर्षं गुपचूप राहतात, आणि त्यांना काढायला गेलं तर उलट त्रास होतो.

आईने हे ऐकलं आणि एका वाक्यात निकाल लावला. "म्हणजे भाडेकरू आहेत." तिने चाळीस वर्षं एका चाळवजा इमारतीत शिलाई मशीन चालवलं होतं. तिला माहीत होतं की जुने भाडेकरू जिन्यात गप्पा मारत बसलेले असले की उपरा माणूस वर चढायला बिचकतो. तेव्हापासून फोनवर ती प्रत्येक वेळी विचारी, माझे भाडेकरू बरे आहेत ना गं?

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि तिसऱ्या मजल्यावरचं घर तिला जड झालं. लेकीच्या घरी यायला तिने साफ नकार दिला. रुग्णालयाच्या मागच्या बाजूचं वृद्धनिवास तिने स्वतः पाहून पसंत केलं. जिने नाहीत, खिडकीत उजेड चांगला. ब्याऐंशीव्या वर्षी ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची आणि अख्ख्या निवासाची तुटलेली बटणं लावायची. दिवसातून चार वेळा जेवण्यावरून आणि दोन वेळा पत्त्यांवरून भांडायची. तिला काही म्हणता काही होत नव्हतं.

पण वृद्धनिवासाच्या माहितीपत्रकात 'दरमहा संपूर्ण तपासणी' असं छापलेलं होतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सव्वीस खणांच्या क्रेटमध्ये सव्वीस बाटल्या प्रयोगशाळेत येत. प्रत्येक बाटलीबरोबर एक कागद. कागदावर एक रकाना: काय त्रास आहे. त्या रकान्यात निवासातली सिस्टर सव्वीसच्या सव्वीस वेळा एकच शब्द लिही. नियमित. आणि बाई त्या सव्वीस बाटल्या घेत. इतकी वर्षं घेतच आल्या होत्या.

आईच्या प्लेटवर पहिल्यांदा वाढ दिसली तेव्हा बाईंनी नियमाप्रमाणे खूण केली. पाच दिवस गोळ्या झाल्या आणि आईला आठ दिवस जुलाब झाले. पुढच्या महिन्यात पुन्हा वाढ, पुन्हा गोळ्या लिहून दिल्या. या वेळी आईने तोंडच मिटलं. बाई पोचल्या तेव्हा सिस्टर खाटेशी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

"माझं काही दुखत नाही गं," आई लेकीला म्हणाली. "दुखतंय ते त्यांच्या कागदाचं. मग त्या कागदालाच गोळी द्या ना."

सिस्टरने बाईंपुढे एक कागद आणि पेन धरलं. औषध नको असेल तर नातेवाइकांनी तसं लिहून द्यायचं, पुढे काही झालं तर निवास जबाबदार नाही. थांबाबाईंना सगळं ठाऊक होतं. बरणीतले ठिपके ठाऊक होते, आईचे जुलाब ठाऊक होते. पेन हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मनात आलं की समजा खरंच काही झालं तर? एकतीस वर्षांत त्या कुणाच्या घाईला बळी पडल्या नव्हत्या, आणि आईच्या खाटेपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"घे आई," त्या म्हणाल्या. "पाचच दिवस."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "तू सांगतेस म्हणून घेते," ती म्हणाली आणि तिने गोळी गिळली. त्या वेळी तिचं तोंड आलं. पंधरा दिवस तिला घास गिळवेना, आणि निवासातल्या कुणाशीही ती भांडली नाही. बाईंनी तिचा नमुना गुपचूप मेणबत्तीच्या बरणीत लावला. चार दिवस थांबल्या, आठ दिवस थांबल्या. प्लेट कोरी राहिली. त्यानंतर त्यांनी शिक्का करवून घेतला.

पुढच्याच महिन्यात आईच्या नेहमीच्या प्लेटवर पुन्हा वाढ दिसली, आणि आता शिक्का खणात होता. त्या दिवशी काम संपताच बाई तडक वृद्धनिवासात गेल्या. राउंडवाले डॉक्टर व्हरांड्यातच भेटले. सव्वीस माणसं चाळीस मिनिटांत तपासून, आईला पुन्हा गोळ्या लिहून देऊन ते निघाले होते.

"माझ्या आईला तुम्ही कधी विचारलंत का, तिला काय होतंय म्हणून?" बाईंनी त्यांची वाट अडवून विचारलं.

"या वयात त्यांना सांगता येत नाही हो. आपण कागदावर जायचं."

"तिला सांगता येतं. तिला तुमच्यापेक्षा जास्त सांगता येतं."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की तुमच्या भावना मी समजू शकतो. हे ऐकून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी आत जाऊन सिस्टरकडून तो कागद मागून घेतला आणि जाड अक्षरात लिहिलं की माझ्या आईला त्रास नाही, औषध देऊ नये, जबाबदारी माझी. सही केली. सिस्टरने कागद नीट घडी घालून ठेवला. मग बाई समाधानाने घरी गेल्या, आणि हेच त्यांना पुढे कित्येक महिने छळत राहिलं.

कारण त्या कागदावर डॉक्टरांची सही हवी होती आणि डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून रजेवर होते. सही होईपर्यंत लिहिलेलं औषध चालू ठेवायचं, असा निवासाचा नियम. आई घेत नाही म्हणून सिस्टरने गोळी कुटून जॅममध्ये कालवली आणि पावाला लावून दिली. रोज दोनदा, पाच दिवस. सिस्टरच्या मनात पाप नव्हतं. तिने नंतर हे स्वतःहून सांगितलं, वर म्हणाली, "कोर्स अर्धवट सोडायचा नसतो ना, ताई." बाईंना त्या क्षणी जॅमची बाटली भिंतीवर फेकून मारावीशी वाटली. त्यांनी ती उचलून झाकण घट्ट लावलं आणि जागेवर ठेवली.

तीन आठवड्यांनी आईला थंडी वाजून ताप भरला. लघवीला जळजळ, कमरेत कळा, बोलण्यात असंबद्धपणा. या वेळी कागद नव्हे, खरोखर आई आजारी होती. तिला रुग्णालयात हलवलं आणि नमुना बाईंच्याच टेबलावर आला. 'काय त्रास आहे' या रकान्यात पहिल्यांदाच चार ओळी लिहिलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्लेट उजेडापुढे धरली. जाड, चिकट, ओलसर वाढ, सगळी एकाच जातीची. मग औषधांची प्लेट लावली. हिच्यावर जंतूंचा पातळ थर पसरून वर औषध मुरवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. ज्या टिकलीचं औषध लागू पडतं तिच्याभोवती मोकळं गोल अंगण तयार होतं. बाईंनी ती प्लेट आणखी एका दिवसाने उघडली. बारा टिकल्या होत्या. एकाही टिकलीभोवती अंगण नव्हतं. वाढ थेट प्रत्येक टिकलीच्या कडेला जाऊन भिडली होती.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण उठून आली, प्लेट पाहिली आणि तिने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी तो झटकला. त्यांना कणव नको होती. त्यांना कुणालातरी गदागदा हलवायचं होतं, आणि कुणाला ते ठरत नव्हतं. राउंडवाल्या डॉक्टरांना, सिस्टरला, किल्ली खिशात घालणाऱ्या साहेबांना. की 'घे आई' म्हणणाऱ्या बाईला.

दूरच्या मोठ्या रुग्णालयातून जालीम इंजेक्शनं मागवली. त्यांनी ताप थोडा उतरला आणि मूत्रपिंडं खचली. आठव्या दिवशी आई तासभर चांगली शुद्धीवर होती. तिने बाईंच्या कोटाच्या बाहीचं बटण बोटांत धरून पाहिलं. ते सैल झालं होतं.

"भाडेकरू गेले का गं सगळे?" तिने विचारलं.

"गेले, आई."

"मग आता आत कोण शिरलंय?"

आईने बटण सोडलं आणि म्हणाली, सुई-दोरा आणलास तर लावून देते. अकराव्या दिवशी ती गेली.

आईला पोचवून आल्यावर राउंडवाले डॉक्टर भेटायला आले. ते चांगली दहा मिनिटं बसले, सव्वीस माणसांपैकी कुणालाही त्यांनी एवढा वेळ दिला नसेल. वय झालं होतं, ते म्हणाले, आपण सगळं केलं.

"हो," बाई म्हणाल्या. "सगळं केलंत."

बाई कामावर रुजू झाल्या तो महिन्याचा पहिला सोमवार होता. दहाच्या सुमाराला क्रेट आली. पंचवीस बाटल्या भरलेल्या होत्या. सव्विसावी रिकामी होती, स्वच्छ, कोरडी, झाकण लावलेली. तिच्यावर छापील चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवर आईचं नाव. खोली चार, खाट दोन. निवासातली यादी महिनाभर आधी छापून ठेवत, आणि क्रेटला खण सव्वीस होते. सिस्टरने सव्वीस चिकटपट्ट्या सव्वीस बाटल्यांना लावल्या होत्या. बाटलीबरोबर कागदही होता. काय त्रास आहे: नियमित.

बाईंनी फळीवरची प्रयोगशाळेच्या नियमांची जुनी वही काढली. नियम अकरावा त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्रास लिहिलेला नसेल तर नमुना घेऊ नये, परत पाठवावा. शिक्का लागत नव्हता. अर्ज लागत नव्हते. नियम फळीवर पडून होता, आणि एका शब्दाला त्रास समजून त्या एकोणीस वर्षं बाटल्या घेत राहिल्या होत्या. आपल्याच थोबाडीत मारावी असं त्यांना वाटलं.

त्यांनी पेन उघडलं आणि पंचवीस कागदांवर एकेक करून लिहिलं: नियमित हा त्रास नाही. नमुना परत. नियम अकरा. मग त्यांनी वृद्धनिवासात फोन लावला. सिस्टर गडबडली, म्हणाली की डॉक्टर ओरडतील, तपासणी दरमहा झालीच पाहिजे.

"प्रत्येकाच्या खाटेशी जा," बाई म्हणाल्या. "जळजळ आहे का, ताप आहे का, पोटात दुखतं का, तोंडाने विचार. ज्याला होत असेल त्याचं नाव सांग. मी थांबते."

तासाभराने सिस्टरचा फोन आला. पंचवीसपैकी एकीला होत होतं. तिला कालपासून जळजळ होती आणि कुणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नव्हती. बाईंनी तिची बाटली क्रेटमधून काढून घेतली, कागदावर त्रास लिहिला आणि लगेच प्लेट ओढायला घेतली.

प्लेट कपाटात गेली तेवढ्यात विभागप्रमुख दारात येऊन उभे राहिले. डॉक्टरांचा फोन त्यांना आला असावा. बाकीचे सगळे परत करताय का, त्यांनी विचारलं. बाईंनी उघडी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी नियम वाचला, खालचं स्वतःचं तेव्हाचं 'मंजूर' वाचलं. मग त्यांची नजर टेबलावरच्या रिकाम्या बाटलीवर गेली. चिकटपट्टीवरचं नाव वाचून ते परत गेले.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि शेवटचा कागद समोर घेतला. 'नियमित' शब्दावर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: काही नाही. खाली तीन चौकोन होते. 'वाढ नाही' या चौकोनात त्यांनी खूण केली. आईचा कागद आज राउंडवाल्या डॉक्टरांना हवा तसा निघाला होता. त्यांनी सही केली, तारीख घातली, कागद सगळ्यांत वर ठेवला आणि क्रेट परत पाठवून दिली.